घरच्या घरी उंदीर : नवशिक्या पिल्लूपालकांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी?

वसईतल्या चिंचोटी नाक्याच्या आसपास ज्यांच्या गाळ्यात, गोदामात, उभ्या टेम्पोखाली किंवा सोसायटीच्या मीटरच्या खोलीत मांजराची पिल्लं निघाली आहेत आणि ज्यांच्या तोंडून "दोन दिवस ठेवते, मग बघू" हे वाक्य निघून गेलं आहे, त्या सर्वांसाठी. हे वाक्य एकदा उच्चारलं की माणूस पिल्लांचा तात्पुरता पालक होतो. त्यासाठी अर्ज, शपथपत्र किंवा पासपोर्ट आकाराचे दोन फोटो लागत नाहीत. लागतात ते पैसे, आणि ते नेमके महिन्याच्या वीस तारखेनंतर लागतात.

म्हणून ही मार्गदर्शिका. हिचा आधार एकच आहे : उंदीर. निसर्गाने मांजरासाठी जी थाळी लावली, ती उंदराच्या आकाराची आहे. तिच्यात जवळजवळ दोन तृतीयांश पाणी, मांस आणि चरबी, कॅल्शियमसाठी हाडं, आणि हृदय, कलेजी वगैरे किरकोळ दिसणारे पण महत्त्वाचे अवयव असतात. भात नाही, पाव नाही, हळद नाही, फोडणी तर नाहीच. तेव्हा पिल्लासाठी घरी शिजवायचं म्हणजे कोंबडीवाल्याच्या दुकानातून सुटे भाग आणून उंदीर जुळवायचा. वाटीत काहीही टाकण्याआधी स्वतःला विचारायचं, "हे उंदरात कुठे असतं?" उत्तर सापडलं नाही तर चमचा खाली ठेवायचा. यापुढे हिला आपण उंदीर-कसोटी म्हणू.

पाठ पहिला : पिल्लू उचलण्याआधी

पिल्लू दिसल्यावर पहिली कृती म्हणजे काहीही न करणं. नवशिक्यांना हीच सगळ्यात अवघड जाते. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं आपल्याकडे म्हणतात. ती एकेक पिल्लू तोंडात धरून नेते आणि मधल्या वेळात उरलेली पोरकी दिसतात. लांब उभं राहून काही तास वाट पाहा. पिल्लं ऊबदार, गोल पोटाची आणि गाढ झोपलेली असतील तर त्यांची व्यवस्था तुमच्यापेक्षा बऱ्या हातांत आहे. गार पडलेली, ओरडणारी, मुंग्या लागलेली असतील, किंवा पावसाने गाळ्यात पाणी शिरत असेल, तर मात्र लगेच उचला.

आई सापडली तर सगळ्यात स्वस्त मार्ग हाच : पिल्लांना सोडा, आईला पोटभर खाऊ घाला. दूध तयार करणं, ते योग्य तापमानाला ठेवणं, रात्री दोन वाजता उठून पाजणं ही सगळी कामं ती विनामूल्य करते.

आता वय पाहा. पिल्लांचे डोळे साधारण सात ते चौदा दिवसांत उघडतात आणि पुढचे बारीक दात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसू लागतात. चार आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला ही मार्गदर्शिका लागू नाही. त्याला मांजराच्या पिल्लांसाठीची दुधाची पावडरच लागते. ती महाग असते आणि तिथे काटकसर चालत नाही. पाजताना तीन नियम पाळा. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्या, मग दूध. पाजताना पिल्लू पोटावर असलं पाहिजे. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जातं. आणि पाजून झाल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने मागची बाजू हलकेच पुसा, कारण इतक्या लहान पिल्लाला शी-शू स्वतःहून होत नाही. हे वाचून जे मागे फिरले नाहीत, त्यांनी पुढच्या पाठाकडे वळावं.

पाठ दुसरा : सल्लागार मंडळ

पिल्लं घरात आल्याच्या दिवशीच सल्लागार मंडळ आपोआप स्थापन होतं. मानधन नसल्यामुळे सभासद भरपूर असतात. त्यांचे ठराव आणि त्यांवरची उत्तरं पुढे दिली आहेत.

*ठराव एक : "दूध द्या की! मांजराला आणखी काय लागतं?"* गाईम्हशीच्या दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पुष्कळ पिल्लांना पचत नाही. जुलाब होतात, आणि चारशे ग्रॅमचं पिल्लू जुलाबाने दिवसभरात कोमेजून जाऊ शकतं. मांजर डोळे मिटून दूध पिते हे म्हणीत लिहून ठेवलं आहे. त्यानंतर तासाभराने काय होतं, ते पुसावं लागणाऱ्याने म्हण लिहिली असती तर कळलं असतं.

*ठराव दोन : "ग्लुकोजचं बिस्किट भिजवून द्या. नाहीतर वसईची सुकेळी आहेत घरात."* मांजराला गोड चव कळतच नाही. गोडाची जाणीव करून देणारं तिचं एक जनुक निकामी आहे, हे २००५ साली सिद्ध झालं. सुकेळी अत्यंत रुचकर असतात, म्हणून ती ज्याला रुची कळते त्यानेच खावीत. पालकाला बळ लागतंच.

*ठराव तीन : "आमच्या आजीच्या वेळची मांजरं मच्छी-भातावर वाढली, काही झालं नाही त्यांना."* हा ठराव सगळ्यात वजनदार आहे, त्यामुळे आजीचा मान राखून उत्तर द्यावं. आजीच्या घरात भाताची कणगी होती, कणगीपाशी उंदीर होते आणि मांजराला रात्रपाळी होती. मच्छी-भात हा तिचा नाश्ता. जेवण ती कणगीमागे उरकून घेत होती. आता शेताच्या जागी गाळे आले आणि पिल्लू तिसऱ्या मजल्यावर आलं. कणगी गेली, उंदीर गेला, नाश्ता तेवढा उरला.

*ठराव चार : "आमच्याकडे अंडंही चालत नाही. गाजर-भोपळा उकडून द्या, त्यात अ जीवनसत्त्व असतं."* गाजरातल्या रंगद्रव्यापासून अ जीवनसत्त्व तयार करण्याची सोय मांजराच्या शरीरात नाही. ते तिला तयार स्वरूपात, प्राण्यांच्या शरीरातूनच मिळावं लागतं. ज्यांना घरात मांस शिजवायचं नाही, त्यांनी पिल्लं दुसऱ्याकडे द्यावीत आणि आपण वाहतूक, औषधपाणी, जाहिरात ही खाती सांभाळावीत. त्या खात्यांत कायम जागा रिकाम्या असतात.

*ठराव पाच : "कालच्या रश्शातलं चिकन धुऊन द्या" आणि त्याचंच उपकलम, "धबधब्यावरून परतलेल्या पोरांकडे बिर्याणी उरली आहे."* चिंचोटीच्या धबधब्यावर पावसाळ्यात मनाई आदेश लागतो, तरी बिर्याणी वर जाते आणि तिची हाडं खाली येतात. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतात. ती दोन्ही रश्शात विरघळलेली असतात आणि धुऊन निघत नाहीत. शिजलेल्या हाडांचे टोकदार तुकडे होऊन घशात-आतड्यात रुततात. उंदीर-कसोटी लावा : उंदरात आलं-लसूण पेस्ट नसते.

पाठ तिसरा : बाजार

कोंबडीच्या दुकानाबाहेर पाटीवर रोजचा भाव खडूने लिहिलेला असतो. तो वाचून खचू नका. पिल्लांना लागणारा माल बऱ्याच अंशी इतरांनी नाकारलेला असतो.

*मांडी आणि तंगडी :* सालीसकट घ्या आणि हाडं काढून मागा. लाल मांसात मांजराच्या हृदयाला लागणारं टॉरिन हे द्रव्य छातीच्या पांढऱ्या मांसापेक्षा जास्त असतं. घरात अख्खी कोंबडी आणत असाल तर वाटणी सोपी आहे : तंगड्या पिल्लांना, छाती माणसांना. तंगडीवरून भांडणाऱ्या घरात हा निर्णय आधी जाहीर करू नये.

*हृदय :* दुकानात कलेजी-पोटा एकत्र तोलून देतात, त्यात अधूनमधून हृदयं येतात. "भाऊ, दिल वेगळं काढून ठेवाल का?" असं विचारा. पहिल्या दिवशी दुकानदार हसेल, आठवड्याभराने पिशवी बांधून ठेवेल. टॉरिनच्या बाबतीत हृदय सगळ्यात वरचढ.

*कलेजी :* स्वस्त आहे म्हणून भरमसाट घालू नका. तिच्यात अ जीवनसत्त्व इतकं असतं की रोज वाटीभर दिली तर काही महिन्यांत मानेची-पाठीची हाडं एकमेकांना जखडू लागतात. एकूण मांसाच्या विसाव्या भागाएवढी पुरे. उंदराची कलेजी किती छोटी असते ते आठवा.

*मासळी :* नायगाव, पाचूबंदर, अर्नाळा इतके जवळ असताना पिल्लांना मासळी न देणं अवघड आहे. आठवड्यातून एकदोनदा मांदेली किंवा ताजा बोंबील वाफवून, काटा काढून द्यावा. कच्ची देऊ नये, कारण काही माशांमधलं एक विकर ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतं. शिजवल्यावर ते विकर निकामी होतं. रोज मासळीच दिली तर ई जीवनसत्त्वाची तूट पडते. शिवाय १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि मासळीचा भाव पिल्लांच्याच काय, पालकाच्याही आवाक्याबाहेर जातो. खारवलेलं सुकं शक्यतो टाळा. साधा सुका जवळा नीट धुऊन, भिजवून, उकडून चिमूटभर वरून घातला तर रुसलेलं पिल्लूही वाटीकडे वळतं.

*अंड्याची कवचं :* ही फुकट. घरची पुरली नाहीत तर नाक्यावरच्या भुर्जीच्या गाडीवर रात्री ढीग असतो. तो मागताना कारण सांगावं लागेल, त्याची तयारी ठेवा.

पाठ चौथा : कृती

साहित्य : मांडी-तंगडीचं मांस ८५० ग्रॅम, हृदय १०० ग्रॅम, कलेजी ५० ग्रॅम, अंडं एक, एका अंड्याचं कवच, मांस जेमतेम बुडेल इतकं पाणी. मीठ, तेल, हिंग, हळद : नाही. "निदान चवीपुरतं?" : तरीही नाही.

१. कवच उकळून घ्या, आतला पापुद्रा काढा, वाळवून मिक्सरमधून काढा आणि चाळा. भुकटी बोटांना खरखरीत लागता कामा नये. ही आपल्या उंदराची हाडं. बिनहाडाच्या मांसात कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस पंधरावीस पट असतो. नुसत्या मांसावर वाढलेलं पिल्लू गुबगुबीत दिसतं, पण हाडांतलं कॅल्शियम झिजत जातं आणि एक दिवस खुर्चीवरून उडी मारताना पाय मोडतो. एका कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम मिळतं, म्हणून किलोभर मांसाला एक कवच हा ढोबळ हिशेब. नेमकं प्रमाण पिल्लाचं वजन पाहून पशुवैद्याकडून पक्कं करून घ्या.

२. मांस, हृदय आणि कलेजी कुकरमध्ये लावा. मऊ झालं की पुरे. अंडं वेगळं उकडा. कच्च्या पांढऱ्यातला एक घटक बायोटिन अडवून ठेवतो.

३. कुकर उघडल्यावर हात आवरा. पाणी ओतून टाकण्याची सवय असेल तर ती इथे महागात पडते, कारण टॉरिन पाण्यात उतरतं आणि तुम्ही ओतता तेच मुळात महत्त्वाचं असतं. १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी, पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, हृदय सैल होऊन फुगलेल्या मांजरांच्या रक्तात टॉरिन कमी असल्याचं दाखवून दिलं. टॉरिन दिल्यावर त्यांची हृदयं सुधारली. ही मांजरं बाजारातल्या तयार खाद्यावर वाढलेली होती, म्हणजे तेव्हा कारखान्यालाही उंदीर नीट जमला नव्हता. तुमचा पहिला प्रयत्न फसला तर एवढं समाधान पुरे.

४. गार झाल्यावर मांस, अंडं, भुकटी आणि सगळं पाणी एकत्र मिक्सरमधून काढा. चार-पाच आठवड्यांच्या पिल्लाला अगदी सैल खिमट लागतं. सहाव्या आठवड्यानंतर जाडसर ठेवा. मिक्सरचं भांडं लगेच धुवा, नाहीतर सकाळच्या नारळाच्या चटणीवरून घरात चौकशी समिती बसेल.

पाठ पाचवा : वाढणं आणि मोजणं

खिमट पसरट बशीत वाढा. पिल्लू आधी त्यात चालेल, मग बसेल, मग शेजारच्या भावंडाचं अंग चाटताना जेवणाचा शोध लागेल. हा क्रम बदलता येत नाही. अन्न कोमट हवं. मांजराच्या अंगाचं तापमान ३८ ते ३९ अंश असतं, आणि ताजा उंदीरही साधारण तितकाच गरम असतो. फ्रिजमधून थेट काढलेलं अन्न पिल्लाच्या लेखी शिळी शिकार ठरतं.

चार ते सहा आठवड्यांपर्यंत दिवसातून चार-पाच वेळा, पुढे तीन-चार वेळा द्या. अर्ध्या किलोच्या पिल्लाला दिवसाकाठी साधारण ८० ते १०० ग्रॅम खिमट लागतं. म्हणजे चार पिल्लांना वरचा घाणा जेमतेम तीन दिवस पुरतो. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलेले तुकडे सोयीचे पडतात. पण पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून महिन्याचा साठा एकदम करण्याचा मोह आवरा. बशीत उरलेलं अर्ध्या तासाने उचला. पाणी वेगळ्या वाटीत कायम ठेवा.

रोज एकाच वेळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा आणि वहीत लिहा. आठवड्याला शंभर ग्रॅमच्या आसपास वाढ झाली तर तुमचा उंदीर जमला. दोन दिवस वजन हललं नाही किंवा घसरलं, तर मंडळाची बैठक न बोलावता दवाखान्यात जा. शीच्या ट्रेमध्ये जुनी वर्तमानपत्रं फाडून घाला. पानं निवडताना पक्षभेद करू नये.

पाठ सहावा : आपल्या उंदरात काय नाही

आता कटू भाग. २०१९ साली डेव्हिसच्याच संशोधकांनी पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या ११४ घरगुती मांजर-पाककृती तपासल्या. ज्यांत पुरेसा तपशील होता, त्यांपैकी एकीतही सगळी पोषकद्रव्यं पूर्ण भरली नाहीत. त्यांतल्या काही पाककृती पशुवैद्यांनीच लिहिलेल्या होत्या. तेव्हा वरची कृतीही पूर्ण उंदीर नाही. ड आणि ई जीवनसत्त्व, आयोडीन, जस्त अशा जागी ती कमी पडते, आणि शिजवताना ब-१ जीवनसत्त्व व टॉरिनही काही प्रमाणात घटतं. वाढत्या पिल्लाला या उणिवा मोठ्या मांजरापेक्षा लवकर भोवतात.

उपाय दोन. एक, पशुवैद्याकडून टॉरिनसह जीवनसत्त्वं आणि खनिजांची पूड लिहून घ्यायची आणि गार झालेल्या खिमटात मिसळायची. दुसरा उपाय तंग खिशाला जास्त मानवतो : निम्मं जेवण घरचं आणि निम्मं पिल्लांसाठी बनवलेलं तयार कोरडं खाद्य, पाण्यात भिजवून. निष्ठावंतांना ही तडजोड पटत नाही, पिल्लांना पटते.

जंताचं औषध वजनावर ठरतं, म्हणून डॉक्टरच देतील. पोट फुगलेलं आणि पाठ हाडकुळी असेल तर तुमचा निम्मा स्वयंपाक जंतच खात आहेत. सहा-आठ आठवड्यांच्या पुढे लस. ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नका; मांजराला ती विष आहे. जवळ काहीच सोय झाली नाही तर नायगावहून लोकल पकडून परळ गाठा. तिथे १८७४ साली स्थापन झालेल्या बॉम्बे एसपीसीएचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. टोपलीवर ओढणी टाका, पण डब्यातले लोक तरीही विचारतील. मंडळाचे सभासद सगळीकडे असतात.

पाठ सातवा : अंदाजपत्रक

पैसा कुठे जातो ते आता पाहू. नवशिक्याचा पैसा सहसा कोंबडीत जात नाही. तो पचत नसलेल्या दुधात, चव न कळणाऱ्या बिस्किटात, घुंगरांच्या पट्ट्यात, सहा आठवड्यांत लहान होणाऱ्या गादीत आणि मग या सगळ्याने बिघडलेल्या पोटाच्या औषधात जातो. खेळण्यांसाठी पुठ्ठ्याचा खोका पुरतो.

श्रावणात एक उपकलम लागू होतं. घरात मांस बंद झालं तरी पिल्लांचं बंद होत नाही. वेगळा कुकर, वेगळी शेगडी, गच्चीचा कोपरा असा तोडगा काढा. "पिल्लाने उपास केला तर पाप कोणाच्या माथी?" हा प्रश्न घरातल्या ज्येष्ठांना नम्रपणे विचारावा. मांजर मेली तर सोन्याची मांजर करून काशीला द्यावी लागते, हे त्यांनीच तुम्हाला लहानपणी सांगितलेलं असतं. सोन्याचा भाव पाहता तंगडी परवडते.

पण सगळ्यात मोठी बचत बाजारात किंवा कुकरमध्ये होतच नाही. मांजरी अवघ्या चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, आणि साधारण नऊ आठवड्यांत विते. आज तुम्ही दोन माद्या वाढवून तशाच सोडल्यात, तर वर्ष संपायच्या आत त्याच मीटरच्या खोलीत पुन्हा पिल्लं असतील आणि तुम्ही पुन्हा कलेजी तोलून घेत असाल. तेव्हा वहीत नसबंदीसाठी पहिल्या दिवसापासून रक्कम बाजूला काढा. पिल्लू दुसऱ्या घरी देताना तारीख ठरवून द्या आणि ती पाळली का, हे फोन करकरून विचारा. न जन्मलेल्या पिल्लाच्या जेवणाइतकं स्वस्त जेवण कुठल्याच कृतीत होत नाही.

स्वाध्याय

१. रिकाम्या जागा भरा : कुकरमधलं पाणी \_\_\_\_ नये.

२. कारणे द्या : आजीची मांजर मच्छी-भातावर वाढली, असे आजीला वाटले.

३. चूक की बरोबर ते लिहा : पिल्लू म्यांव म्हणाले, म्हणजे त्याला भूक लागली. (उत्तर लिहिण्याआधी त्याला ऊब आहे का, ते पाहा.)

४. जोड्या लावा : 'अ' गटात उंदराचे अवयव, 'ब' गटात कोंबडीवाल्याचे दरपत्रक.

५. प्रात्यक्षिक : पिल्लू न्यायला आलेले कुटुंब आनंदाने सांगते, "आमच्याकडे दूध भरपूर आहे हो!" पुढे काय कराल?

उत्तर : त्यांना आत बोलवावे, त्या दुधाचा चहा करून द्यावा, आणि कप हातात असल्याने उठून जाता येत नाही तोवर ही मार्गदर्शिका पहिल्या पाठापासून मोठ्याने वाचून दाखवावी. चहा संपल्यावरही जे बसून राहतील, त्यांना पिल्लू द्यावे.